चारशे फुटांवरचा धूर

जमिनीपासून एकेचाळीस फूट उंचीवर हेमांगी तेरसेच्या डाव्या हाताची करंगळी विमानाच्या दांड्यावरून किंचित उचलली जायची. किंचित म्हणजे चार मिलिमीटर, आणि तेही सेकंदाच्या पाचव्या भागापुरतं. एकोणतीस वर्षं विमानं उतरवूनही हेमांगीला स्वतःला याचा पत्ता नव्हता. तो लावला तिच्या नणंदेने.

नणंद म्हणजे डॉ. वैजयंती, घरातली वैजू. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ती स्नायूंमधले विद्युतसंकेत मोजण्याचं काम करायची. आठ वर्षांपूर्वी तिने वहिनीच्या दोन्ही हातांवर मनगटापासून कोपरापर्यंत पातळ, त्वचेच्याच रंगाचे पट्टे बांधले होते. "प्रत्येक उड्डाणाला घालायचे," असं बजावून ती गेली आणि दीड वर्षाने जेवायला आली, तेव्हा कोशिंबीर वाढून घेता घेता म्हणाली, "वहिनी, तू करंगळी का उचलतेस?"

"कोण, मी?"

"नऊशे वेळा उतरलीस, त्यातल्या आठशे नव्वद वेळा उचललीस."

"चहा पितानाही उचलत असेन मग."

"नाही, तेही बघितलं. चहाचा कप तू पहिलवानासारखा धरतेस."

करंगळी ही गमतीची गोष्ट होती. त्यामागे दडलेली गोष्ट मात्र मोठी निघाली. हात हलण्याआधी मेंदूचा हुकूम स्नायूंत पोहोचतो, आणि तो पोहोचल्याची खूण पट्ट्यांना हालचालीच्या काही शतांश सेकंद आधी दिसते. हे जुनंच ज्ञान. वैजूला दिसलं ते वेगळं होतं. वाऱ्याचा झोत विमानाच्या उपकरणांवर उमटायच्या आतच हेमांगीच्या हाताचे स्नायू ताठ होत होते. कानातली तोल सांभाळणारी नळी, बैठकीखालचा दाब, इंजिनाच्या आवाजातला बारीक फरक, हे सगळं एकत्र जुळवून तिचं शरीर तिच्याही नकळत निर्णय घेत होतं. नवख्या वैमानिकांच्या हातांत हे नव्हतं. वीस-वीस वर्षं उडालेल्या चाळीस जणांच्या हातांत ते कमी-अधिक प्रमाणात सापडलं, पण हेमांगीइतकं स्वच्छ कुणाच्याच नाही.

त्या संकेतांवरून वैजूने यंत्र बनवलं. कागदोपत्री त्याचं नाव 'अनुहस्त'. वैमानिक मात्र त्याला सरळ 'अनू' म्हणायला लागले. अनू विमान उतरवायची तेव्हा दांडा आणि इंजिनाच्या कळा आपोआप हलायच्या, आणि त्या हलण्यात हेमांगीच्या हाताची ढब ओळखू यायची. पुढे वैजूने तिला डोळाही दिला. विमानाच्या नाकात बसवलेला लायडार लेसरचा किरण पुढे फेकायचा. हवेतल्या धूलिकणांवरून तो परत यायचा, आणि त्याच्या बदललेल्या कंपनांवरून अडीच किलोमीटर पुढच्या वाऱ्याचा वेग कळायचा. माणसाला जो वारा अंगावर आल्यावरच समजतो, तो अनूला अर्धा मिनिट आधी दिसू लागला.

तीन वर्षांत निम्म्याहून अधिक प्रवासी विमानं अनू उतरवू लागली. आणि मग कळीचा प्रश्न आला.

वैमानिकाच्या अंगठ्याजवळ एक नारिंगी कळ होती. ती दाबली की अनू बाजूला व्हायची आणि ताबा माणसाकडे यायचा. गेल्या दोन वर्षांत पाचशे फुटांखाली ही कळ एकसष्ट वेळा दाबली गेली. सत्तावन्न वेळा वैमानिकाने पुढे हाताने विमान उतरवलं. त्यातल्या पंचावन्न खेपांना अनूने ते अधिक चांगलं उतरवलं असतं, हे गणिताने दाखवता येत होतं. एका खेपेला विमान धावपट्टी सोडून चिखलात गेलं आणि नऊ जण जखमी झाले. उरलेल्या चार वैमानिकांनी विमान उतरवलंच नाही. ते पुन्हा वर गेले आणि फेरी मारून आले. त्या चार ओळींपुढे अहवालात 'तुलना शक्य नाही' असं छापलं होतं.

पाचशे फुटांखाली ही कळ ठेवायची की काढून टाकायची, हे ठरवायला नियामक मंडळाने तिघांची समिती नेमली. एक मत 'काढा' असं पडलं, एक 'ठेवा' असं. तिसरं मत हेमांगीचं होतं, आणि ते सात आठवडे पडलं नव्हतं.

*

"वहिनी, तू विमान दोन सेकंदांत ठरवून उतरवतेस," रविवारी दुपारी वैजू म्हणाली. "आणि इथे सात आठवडे."

"विमानातलं इंधन संपतं. कागदाचं संपत नाही."

"माझं संपत आलंय. रेगेसाहेब दर सोमवारी मला विचारतात, तुमच्या वहिनींचं काय झालं? जशी काही मी तुझी सेक्रेटरी."

निवृत्त एअर कमोडोर रेगे समितीचे अध्यक्ष होते. ते हेमांगीलाही दर सोमवारी फोन करायचे, आणि ती दर सोमवारी "या आठवड्यात नक्की" म्हणायची.

टेबलाच्या टोकाला सुहास, म्हणजे हेमांगीचा नवरा आणि वैजूचा भाऊ, डाळिंबीची उसळ खाण्यात गर्क होता. तो दातांचा डॉक्टर. "माझ्याकडे बघू नका," तो म्हणाला. "दवाखान्यात समोरच्याला बोलता येत नाही आणि घरात मला. फिटंफाट."

"दादा, तू निदान एवढं तरी सांग, पंचावन्न मोठे की चार?"

"त्या चौघांचं काय झालं असतं ते तुला माहीत आहे का?" हेमांगीने विचारलं.

"नाही. कुणालाच नाही. जे विमान उतरलंच नाही, त्याचं उतरणं मोजणार कसं? घाबरून वर गेले असतील."

"किंवा शहाणे असतील."

"असतीलही. पण 'असतील' हे माप नाही, वहिनी. तूच मला शिकवलंस हे. माझा पहिला प्रबंध तू वाचलास तेव्हा 'असावे' आणि 'संभवते' खाली किती लाल रेघा मारल्या होत्यास, आठवतं?"

आठवत होतं. हेमांगी स्वतः भौतिकशास्त्रात पदवी घेऊन या धंद्यात आलेली. आकड्यांपुढे हट्ट करायचा नाही, हे तिचंच तत्त्व. म्हणूनच तिला 'ठेवा' म्हणता येत नव्हतं. आणि त्या चार कोऱ्या ओळींमुळे 'काढा'ही म्हणता येत नव्हतं.

तिसरा मार्ग तिला पहिल्याच आठवड्यात सुचला होता. कळ ठेवायची, पण पाचशे फुटांखाली तिने एकच काम करायचं, विमान वर न्यायचं. हाताने उतरवण्याचा ताबा तिने द्यायचाच नाही. हेमांगीने ते एका वाक्यात लिहिलं, दोनदा वाचलं आणि खोडून टाकलं. वैजूला ते वाक्य अविश्वासाचं वाटलं असतं. धंद्यातल्या सोबत्यांना गद्दारी वाटली असती. पण खोडलं ते त्यासाठी नव्हे. त्या वाक्यावर सही केली की शेवटचे पाचशे फूट तिच्या हातून कायमचे जाणार होते. एकोणतीस वर्षांत तिला या नोकरीतलं खरोखर आवडलेलं असं काही असेल, तर ते तेवढंच होतं.

हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. सुहासलाही नाही.

"बुधवारी मी तुझ्याबरोबर येतेय," वैजू ताट उचलत म्हणाली. "आडसड्याच्या विमानात, मागच्या खुर्चीवर. परवानगी काढलीय. तुझ्या डोळ्यांसमोर अनू आडसड्यावर उतरेल, मग तरी लिही."

"दहा हजार फुटांखाली बोलायचं नाही. नियम आहे."

"तुझ्या घरात इतकी वर्षं वावरतेय. गप्प बसायची सवय आहे मला."

सुहासला ठसका लागला.

*

आडसडा हा कोकणातला नवा विमानतळ. खाली भातशेतीचं खोरं, आणि त्याच्या पश्चिमेला जांभ्या दगडाचा सपाट, उघडा सडा. त्या सड्यावर धावपट्टी. टेबलाच्या कडेवर पट्टी ठेवावी तशी ती पूर्वेच्या कड्यापासून जेमतेम तीनशे मीटरवर सुरू व्हायची. समुद्रावरून येणारा वारा सडा ओलांडायचा आणि पूर्वेच्या कड्यावरून खोऱ्यात कोसळायचा. विमानं पूर्वेकडून, वाऱ्याला तोंड देत उतरायची. म्हणजे नेमकी धावपट्टीच्या तोंडाशी ती त्या कोसळत्या वाऱ्यात सापडायची. आडसड्यावर आडाखा चुकला तर दुरुस्तीला जागा नव्हती.

वैजूने अनूला हे सगळं शिकवलेलं होतं. सलग दोन पावसाळे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत, चाचणीच्या विमानाने तिने आडसड्यावर तीनशे चाळीस फेऱ्या मारल्या होत्या. सगळ्यात वाईट वारे पावसाळ्यात, म्हणून मोजायचं ते पावसाळ्यात. कुणालाही पटेल असा हिशेब होता.

बुधवार होता एप्रिलच्या अखेरचा. विमानात एकसष्ट प्रवासी. उजव्या खुर्चीत रेहाना मुकादम, अडतीस वर्षांची सहवैमानिक, मूळची रत्नागिरीची. मागच्या घडीच्या खुर्चीवर मांडीवर टॅबलेट घेतलेली वैजू.

"मॅडम, वारा पंचवीस नॉट, झोत चौतिसापर्यंत," रेहानाने टॉवरचा निरोप वाचला. "उद्या अवकाळी सांगितलाय. त्याचीच धग."

"इंधन?"

"दोनदा प्रयत्न करून बेळगावला जाण्याइतकं."

"मग दोनदाच. दुसऱ्यांदा नाही जमलं तर बेळगाव." हेमांगीने हे मोठ्याने म्हटलं. पुढे काय करायचं ते आधी बोलून ठेवायचं, म्हणजे वेळ आल्यावर मनाशी घासाघीस होत नाही, असं ती शिकाऊ वैमानिकांना सांगायची. समितीला द्यायच्या मताच्या बाबतीत आपण हे पाळलेलं नाही, हेही तिला ठाऊक होतं.

अनू उतरायला लागली. दांडा हेमांगीच्या सैल मुठीत आपला आपण हलत होता. दीड हजार फूट. हजार. समोर सडा तांबूस-करडा दिसत होता आणि त्याच्या पायथ्याच्या शेतांतून धूर निघत होता. एकदोन ठिकाणी नव्हे, पंधरा-वीस ठिकाणी.

हेमांगीचं माहेर कणकवलीजवळचं. तो धूर कसला हे तिला सांगावं लागत नव्हतं. पावसाआधी भाताच्या रोपांसाठी जमिनीचा एक तुकडा भाजून घेतात. शेण, वाळका पातेरा, डहाळ्यांची कवळं, गवत यांचे थर देऊन तो पेटवायचा, तो तरवा. एरवी हे काम सावकाश चालतं, आज याचा तरवा, चार दिवसांनी त्याचा. आज मात्र उद्याच्या पावसाने थर भिजतील म्हणून सगळ्या खोऱ्याने एकाच दुपारी काडी लावलेली दिसत होती.

"सगळे तरवे एकदमच," रेहाना म्हणाली.

"हं."

सातशे फूट. समोरच्या पडद्यावर अनूने धावपट्टीच्या अलीकडची हवा हिरव्या रंगात दाखवली. हिरवा म्हणजे वर चढणारा वारा. आणि मग इंजिनाच्या कळा हळूच मागे सरकल्या. वर उचलणारी हवा पुढे आहे, तेव्हा जोर आधीच कमी केलेला बरा, असं अनूचं गणित.

हेमांगीने पडद्यावरून डोळे काढून बाहेर पाहिलं.

धूर शेतांतून सरळ वर येत होता, दाट आणि जोमाने. पण सड्याच्या कड्याच्या पातळीला आला की त्याचे शेंडे मोडत होते. कुणी वरून तळहाताने दाबावं तसे ते पूर्वेकडे वाकून पुन्हा खोऱ्यात उतरत होते. म्हणजे चढत होता तो धूर, आपल्याच उष्णतेने. हवा कोसळतच होती. लायडारला मात्र दाट धुराचे कण ठळक दिसत होते आणि मधली स्वच्छ हवा फिकी. ज्याचा आवाज मोठा त्याचं खरं मानावं, तसं अनूने धुराचं खरं मानलं होतं.

साडेपाचशे. पाचशे.

हेमांगीला पंचावन्न हा आकडा आठवला. ज्यांनी ही कळ दाबली, त्यांनाही त्या क्षणी असंच वाटलं असणार, आपल्याला काहीतरी दिसतंय जे यंत्राला दिसत नाही. आणि पंचावन्न जण चुकले. मागे वैजू बसली होती. तिने तोंडातून अवाक्षर काढलेलं नव्हतं, पण तिचं थांबलेलं बोलणं हेमांगीला पाठीवर जाणवत होतं.

तिने धुराच्या शेंड्यांकडे पुन्हा एकदा पाहिलं. शेंडे खाली जात होते. यात 'असावे' नव्हतं.

चारशे फुटांवर तिने कळ दाबली.

"गो-अराउंड," ती म्हणाली, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर, आणि उजव्या हाताने इंजिनाच्या कळा टोकापर्यंत पुढे लोटल्या.

"गो-अराउंड," रेहानाने परत म्हटलं.

विमानाने नाक उचललं, इंजिनं गरजली, आणि तरीही ते चढलं नाही. पूर्ण जोर लावूनही कड्याच्या अंगावर येता येता ते खालीच चाललं होतं. तीनशे साठ. तीनशे. दोनशे साठ. मागे प्रवाशांच्या बाजूला काहीतरी आपटल्याचा आवाज आला. हेमांगीने नाक आणखी वर ओढलं नाही. ओढावंसं वाटत होतं, प्रत्येक स्नायूला वाटत होतं, पण वेग हातचा गेला असता. तिने विमान त्या हवेतून सरळ पुढे जाऊ दिलं.

कडा खालून सरकला. सड्यावर येताच हवा स्थिरावली आणि विमान एखाद्या हाताने उचलल्यासारखं वर निघालं.

"चढतोय," रेहाना म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखाच होता. तिने टॉवरला कळवलं, चाकं आत घेतली, मग प्रवाशांना सांगितलं की वाऱ्यामुळे आपण एक फेरी मारत आहोत, काळजीचं कारण नाही.

तीन हजार फुटांवर विमान वळलं तेव्हा पडद्यावर अनूची ओळ उमटली होती. हस्तक्षेप बासष्टावा. तुलना शक्य नाही.

"वहिनी," मागून वैजू म्हणाली. "नियम मोडू का?"

"कामाचं असेल तर नियम मोडत नाही."

"कामाचंच आहे. आपण त्याच हवेतून गेलो. त्या चौघांसारखं आधीच वर निघून गेलो नाही. तो वारा विमानाने नोंदवलाय." टॅबलेटवर तिची बोटं भराभर चालत होती. "अनूने जेवढा जोर ठेवला होता, तेवढाच ठेवला असता तर काय झालं असतं, हे आता काढता येतं."

समुद्र डावीकडे आला आणि मागे गेला.

"बावीस फूट," वैजू म्हणाली.

"धावपट्टीच्या वर?"

"कड्याच्या खाली."

रेहानाने समोरच्या काचेकडे बघतच एक लांब श्वास सोडला. वैजूने टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. "मी एप्रिलमध्ये एकदासुद्धा आले नाही," ती म्हणाली. "दोन पावसाळे घालवले. एप्रिलमध्ये इथे काय असतं, असं म्हणाले होते मी."

"रडायचं असेल तर खाली उतरल्यावर," हेमांगी म्हणाली. "आता मला उत्तर दे. लायडार बंद केला तर अनू उतरेल?"

"उतरेल. पण मग तिला पुढचं काही दिसणार नाही. अंगावर येईल तेवढंच कळेल. मग ती फक्त तुझा हात उरते."

"तेवढंच विचारत होते."

रेहानाने मान वळवून पाहिलं. "मॅडम, हाताने नाही घेणार?"

हेमांगीलाही तेच हवं होतं. नुकतंच तिचं बरोबर ठरलं होतं, अंगात ऊब होती, आणि असल्या वाऱ्यात असल्या धावपट्टीवर हाताने उतरवण्याची संधी वैमानिकाला चार-दोनदाच मिळते. पण ती एकावन्न वर्षांची होती. वार्षिक तपासणीत तिच्या हाताचा प्रतिसाद तीन-दशांश सेकंदाहून थोडा वर भरला होता. पट्टे बांधले तेव्हा तो याहून बराच कमी होता. वारा कुठे कोसळतो हे ओळखायला आजचे डोळे लागत होते. तो झेलायला मात्र आठ वर्षांपूर्वीचे हात बरे होते, आणि ते हात या विमानात होते.

"नाही," ती म्हणाली. "अनू उतरवेल. कुठे उतरायचं ते मी सांगेन. वेग बारा नॉट जास्त. टेकायची जागा दोनशे मीटर पुढे. कड्यावरून नेहमीपेक्षा ऐंशी फूट उंच जायचं. रेहाना, लांबी पुरेल?"

रेहानाने हिशेब केला. "पुरेल. तीनशे मीटर उरतील."

"तीनशे फुटांवर मला धुराचे शेंडे याहून वाईट दिसले, तर पुन्हा वर आणि सरळ बेळगाव. लायडार बंद."

"लायडार बंद," रेहानाने स्विच फिरवला. पडद्यावरचे हिरवे-तांबडे रंग विझले.

दुसऱ्यांदा विमान खोऱ्यात आलं. हेमांगीचा अंगठा नारिंगी कळीवर टेकलेला होता, दाबलेला नव्हता. बाकी हात तिने उघडे, दांड्याला केवळ स्पर्श होईल असे ठेवले. शेंडे मोडत होते, पण मघाइतकेच, त्याहून जास्त नाही. पाचशे. चारशे. तीनशे.

"चालू राहू दे," ती म्हणाली.

कड्याच्या तोंडाशी बैठक खालून निसटली. त्याच क्षणी, हेमांगीच्या मनात 'जोर' हा शब्द तयार व्हायच्या आत, इंजिनाच्या कळा तिच्या तळव्याखालून पुढे गेल्या. बरोबर तेवढ्याच. नाक अर्ध्या अंशाने उचललं, मग पाव अंशाने परत आलं, कारण तीही तसंच करायची, आधी थोडं जास्त आणि मग थोडं मागे. उजव्या पंखाला झोत लागला, दांडा तिकडे कलला. आपण जिना उतरताना कसे दिसतो ते आपल्याला कधी दिसत नाही. हेमांगी तेरसेला आज आपलं विमान उतरवणं दिसत होतं, आणि तिला ते आवडलं. खरोखर चांगलं होतं ते. एकोणतीस वर्षं कुणी सांगितलं तरी तिने मानलं नव्हतं.

मागची चाकं टेकली. आधी वाऱ्याकडचं, मग दुसरं. मग नाक. विमान सड्याच्या मध्यावरून धावत गेलं, मंद झालं, आणि तीनशे मीटरहून थोडी जास्त धावपट्टी उरवून थांबलं. मागून टाळ्यांचा आवाज आला, आधी तुरळक, मग सगळ्यांचा.

"तीनशे वीस उरली," रेहाना म्हणाली. "अनूबाईंनी माझा हिशेब सुधारला."

वैजूला हसू फुटलं, आणि मग तिने चष्मा काढला.

*

प्रवासी उतरत होते. एक म्हातारे गृहस्थ खालून काचेकडे बघून हात जोडून गेले. रेहाना विमानाभोवती फिरून चाकं तपासत होती. सड्यावर वारा एवढा होता की जिन्यापाशी उभं राहायला कठडा धरावा लागत होता.

"मी 'काढा' म्हणत होते," वैजू म्हणाली. "दोन वर्षं म्हणत होते. आता 'ठेवा' लिही. मी काही बोलणार नाही."

"म्हणजे पंचावन्न खोटे झाले?"

वैजूने मान हलवली. "नाही. ते खरेच आहेत."

"आणि आज दुसऱ्या वेळी मी हाताने उतरवलं असतं तर?"

"खरं सांगू?"

"खोटं कशाला सांगशील?"

"उतरली असतीस. जोराचा हात किंचित उशिरा आला असता. बहुतेक डावं चाक फुटलं असतं."

"माझाही अंदाज तोच," हेमांगी म्हणाली. तिने फोन काढला. बुधवार होता, सोमवार नव्हता. पलीकडे रेगेसाहेबांनी फोन उचलला तेव्हा त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. काही झालं का, त्यांनी विचारलं. झालं, पण सगळे सुखरूप आहेत, ती म्हणाली, सविस्तर संध्याकाळी पाठवते. वैजू कठडा धरून तिच्याकडे पाहत राहिली. विमानाच्या पोटाखालून रेहाना बाहेर आली आणि तीही थांबली.

वाऱ्यात ऐकू जावं म्हणून हेमांगीने आवाज चढवला.

"सर, माझं मत लिहून घ्या. कळ राहील. पण पाचशे फुटांखाली ती विमान फक्त वर नेईल. हाताने उतरवू देणार नाही. कुणालाच नाही, मलाही नाही."